टाइमशिफ्ट: गणपतीपासून वापरतोय, दिवाळीनंतर कस लागला

टाइमशिफ्ट म्हणजे सिस्टिमची त्या-त्या वेळची प्रत (स्नॅपशॉट) ठेवणारं आणि काही बिघडलं तर तिच्यावर परत नेणारं साधन. लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ते १८.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, सोबतच येतं. तरी ते चालू करून ठेवणारे मला फारच कमी भेटतात, म्हणून हे लिहितोय.

दिवाळीनंतर कर्नेल (सिस्टिमचा गाभा) आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर यांचं अपडेट एकत्र आलं. रीस्टार्ट केल्यावर लॉगिनऐवजी काळी स्क्रीन. ग्रबच्या (कॉम्प्युटर सुरू होताना सिस्टिम निवडून देणारा प्रोग्राम) मेनूतून जुनं कर्नेल निवडलं, तरी तेच. मग मिंट ज्या पेनड्राइव्हवरून बसवलं होतं, त्यावरूनच कॉम्प्युटर चालू केला. टाइमशिफ्ट त्यातही असतं. आधी होम फोल्डर उघडून आईची पेन्शनची कागदपत्रं आणि फोटो जागेवर आहेत हे पाहिलं. मग आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट निवडून रिस्टोर केलं. कोणत्या फाइल बदलणार, याची यादी ते आधी दाखवतं आणि ग्रबही पुन्हा बसवतं. अर्ध्या तासाच्या आत नेहमीचा डेस्कटॉप समोर होता. अपडेट मॅनेजरमध्ये तो ड्रायव्हर दुर्लक्षित यादीत टाकला आणि पुढची आवृत्ती आल्यावरच घेतला.

पण टाइमशिफ्ट म्हणजे डेटाचा बॅकअप नव्हे. होम फोल्डर ते मुद्दामच वगळतं, आणि मला हे पूर्ण पटतं. नाहीतर सिस्टिम चार दिवस मागे नेताना त्या चार दिवसांत लिहिलेलं सगळं पुसलं गेलं असतं. फाइलींसाठी मी देजा डुप हा बॅकअपचा प्रोग्राम वापरतो, वेगळ्या एक्स्टर्नल डिस्कवर. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०९ अपडेटनं काही लोकांच्या डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्समधल्या फाइलीच उडवल्या होत्या. मायक्रोसॉफ्टला त्या अपडेटचं वाटप थांबवावं लागलं. अशा वेळी सिस्टिमचा स्नॅपशॉट काय कामाचा? दुसरीकडे असलेली प्रतच उपयोगी पडते.

डिस्क एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केली असेल तर दुरुस्तीच्या वेळी लागणारी पासफ्रेज (लांब पासवर्ड) कागदावर लिहून ठेवाच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची. पण जिथं बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) होतं तिथं बहुधा आधी ४८ अंकी रिकव्हरी की लागत होती, आणि ती हाताशी नसलेले अडकून पडले.

जागेचं म्हणाल तर आरसिंक (फाइलींची प्रत करून ठेवणाऱ्या) पद्धतीत पहिला स्नॅपशॉट मोठा होतो. पुढच्यांत न बदललेल्या फाइली हार्ड लिंकनं (नवी प्रत न करता) जोडल्या जातात, त्यामुळे वाढ बेताची. रोजचे तीन आणि आठवड्याचे दोन एवढे मला पुरतात. एकच खटकतं: एनटीएफएस डिस्कवर, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या डिस्कवर, स्नॅपशॉट ठेवता येत नाहीत. त्यासाठी जुन्या डिस्कवर ईएक्सटी४ (लिनक्सच्या फॉरमॅट) चं वेगळं पार्टिशन करावं लागलं. सिस्टिमच्याच डिस्कवर ठेवले असते तर ती डिस्क गेल्यावर स्नॅपशॉटही गेले असते.