थारला लॉकर बसवला म्हणून 85,000 घेतले, आत निघालं वेल्डिंग

जुन्या फोर बाय फोर गाडीला डिफरन्शियल लॉक, म्हणजे लॉकर, बसवून घ्यायचा विचार असेल (डिफरन्शियल म्हणजे एक्सलच्या मधला, दोन चाकांत जोर वाटणारा गिअरचा संच; लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात), आणि तेही सोलापूर, पंढरपूर, मोहोळ या पट्ट्यात, तर विसार देण्याआधी हे वाचून घ्या. माझे 85,000 रुपये गेले आणि वरून दुरुस्तीचा खर्च अंगावर पडला. गॅरेजचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगासमोर आहे. त्यांनी काम कसं केलं ते मात्र सगळं सांगतो. ही युक्ती त्या एकाच गॅरेजला सुचली असेल, असं मला वाटत नाही.

माझी थार 2013 ची, सीआरडीई, म्हणजे डिझेल इंजिनची. महिंद्रानं थारच्या मागच्या एक्सलमध्ये कंपनीचा मेकॅनिकल लॉक दिला तो 2015 च्या फेसलिफ्टला. त्याआधीच्या गाड्यांत साधं डिफरन्शियल. आमचं रान मंगळवेढ्याच्या बाजूला, ज्वारीची काळी जमीन. शेवटचा तुकडा पाणंदीचा, उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या. आपल्याकडं पाऊस जून-जुलैत हुलकावण्या देतो आणि सप्टेंबरात धो धो पडतो. मग त्या काळ्या मातीत गाडी चालवणं म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगायला नको. टायरच्या नक्षीत चिखल असा भरतो की नक्षी राहतच नाही. एक चाक चाकोरीच्या तोंडाशी उचललं की ते जागेवर गरगर फिरतं आणि दुसरं, चांगलं जमिनीवर टेकलेलं, ढिम्म. फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकला तरी मागं एक आणि पुढं एक अशी दोनच चाकं फिरत राहतात.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो, कारण गॅरेजवाल्याची सगळी बोलाची कढी इथूनच सुरू झाली. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना जोर सारखाच देतं. हवेतलं चाक फिरवायला जोर लागतो नावाला, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच मिळतो, आणि तेवढ्यात गाडी हलत नाही. लॉक लावला की दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून एकेका चाकाला जाणारे दांडे) एक होतात, दोन्ही चाकं बरोबरीनंच फिरतात आणि ज्याच्याखाली पकड आहे ते चाक गाडी ओढतं. ट्रॅक्टरवाल्याला हे नवीन नाही. टाचेजवळ डिफ लॉकचं पेडल असतं. नांगरताना एक चाक फिरायला लागलं की दाबायचं, तास सरळ असेपर्यंतच दाबायचं, आणि वळणाआधी पाय काढायचा. माझ्या वडिलांनी आयुष्यभर ते पेडल वापरलं. म्हणून लॉकर हवा या माझ्या हट्टाला घरून विरोध झाला नाही.

शहराबाहेरच्या एका गॅरेजात चौकशी केली. गडी बोलायला गोड. “मालक, एअर लॉकर टाकू, हवेच्या दाबावर चालणारा. स्विच दाबला की लॉक, सोडला की मोकळं. शेतात ट्रॅक्टर, रस्त्यावर कार.” खोका दाखवला, खोक्यावर परदेशी लेबल. पंच्याऐंशीत सगळं धरून, कॉम्प्रेसर, स्विच, वायरिंग, फिटिंग. निम्मे आगाऊ दिले.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा मागची दोन्ही चाकं स्टँडवर, हवेत. त्यानं इंजिन चालू केलं, पहिला टाकला, डॅशबोर्डवरचा स्विच दाबला. सीटखाली कॉम्प्रेसर टर्रर्र वाजायला लागला, हिरवा दिवा लागला, आणि दोन्ही चाकं एका चालीत फिरली. आजूबाजूची पोरं व्हिडिओ काढत होती. उरलेले पैसे दिले. बिल कच्चं, त्यावर लिहिलं होतं ‘डिफरन्शियल काम व लेबर’. पक्क्या बिलाला म्हणाला जीएसटी लागेल, उगाच खर्च वाढवू नका.

आता त्या खेळाबद्दल. दोन्ही चाकं हवेत असली की साधं डिफरन्शियलसुद्धा दोन्ही चाकं बहुतेक वेळा एकत्रच फिरवतं, कारण दोन्हीकडं अडवणारं काही नसतं. म्हणजे त्यानं दाखवलं त्यात लॉकर आहे हेही सिद्ध झालं नाही आणि नाही हेही नाही. दिवा तर कुठल्याही स्विचला जोडता येतो. दाखवायचं असतं ते स्विच बंद असताना काय होतं. ते त्यानं दाखवलंच नाही, आणि ते टाळण्यासाठीच सगळा तमाशा होता.

त्रास पहिल्याच दिवसापासून. पेट्रोल पंपाच्या सिमेंटच्या आवारात वळवली की मागचे टायर चिर्र चिर्र ओरडायचे. सोलापुरात सात रस्ता चौकाला वळसा घालताना स्टिअरिंग जड, गाडीचं तोंड सरळच पळायला बघायचं आणि मधूनच मागून धक्का. कारण साधं आहे. वळताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त पळतं. दोन चाकांतलं अंतर दीड मीटर धरलं तर नुसता यू टर्न घेताना हा फरक साडेचार मीटरच्या वर जातो, वळण छोटं असो की मोठं. मोकळं डिफरन्शियल हा फरक गिळतं. लॉक असलेलं गिळत नाही. मग तेवढं अंतर टायर रस्त्यावर घासतो, नाहीतर हाफ शाफ्टला पीळ बसतो. फोन केला तर उत्तर तयार, “नवीन माल आहे मालक, सेट व्हायला वेळ लागतो.” पुढच्या वेळी, “टायर बदला, तुमचे टायर कडक झालेत.” मग फोन उचलणं बंद.

पाणंदीत गाडी चालायची, हे कबूल करतो, म्हणूनच संशय उशिरा आला. पण बांधाच्या कडेला आडवा उतार लागला, वर पावसाची सर येऊन गेलेली, आणि गाडीची मागची बाजू सरकत खाली ओढ्याकडं निघाली. दोन्ही चाकं एकत्र फिरली की दोन्ही एकदमच पकड सोडतात. मोकळ्या डिफरन्शियलमध्ये निदान एक चाक शांत राहून गाडी धरून ठेवतं. त्या वेळी माझा स्विच बंद होता. बंद लॉकरची गाडी अशी का सरकावी, हे मला पटेना.

मोहोळकडं एक मिस्त्री आहेत, वर्षानुवर्षं ट्रॅक्टर आणि जीप खोलणारे. त्यांच्याकडं गेलो. त्यांनी काही न खोलता पाहिलं. पुढच्या चाकांना लाकडाचे ओंडके, मागची दोन्ही चाकं वर, हँडब्रेक सोडलेला, गिअर न्यूट्रलला. स्विच बंद. एक चाक हातानं पुढं फिरवलं. दुसरं चाकही पुढंच फिरलं, आणि इंजिनाकडून एक्सलला जोर आणणारा खालचा प्रोपेलर शाफ्टही. मोकळं असतं तर दुसरं चाक उलट फिरलं असतं. मिस्त्री उठले, हात पुसले आणि म्हणाले, “मालक, ह्याला लॉक नाय बसवला. शिक्का मारलाय, कायमचं जाम केलंय.”

मग हवेची नळी शोधली. सीटखालून निघालेली निळी नळी चासीवरून मागं आली होती, ब्रेकच्या पाइपाला टाय मारून बांधली होती, आणि तिथंच संपली होती. तोंडाला स्क्रू ठोकून बंद. एक्सलच्या हाउसिंगला नळी आत जायला भोकच नव्हतं. कॉम्प्रेसर म्हणजे टायरमध्ये हवा भरायचा साधा पंप.

हाउसिंग उघडलं. ऑइल करडं झालेलं, बोटांत घेऊन चोळलं की कणकण लागायची. केसमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या पोलादी कवचात, स्टार पिनियन आणि साइड गिअर हे आतले छोटे गिअर एकमेकांना वेल्ड केलेले. दातांच्या फटीत वेल्डिंगचे काळे गोळे, एका जागी तडा गेलेला, आणि एक छोटा कपचा सुटून तळाच्या गाळात पडलेला. गिअरचं पोलाद वरून कडक केलेलं असतं, त्यावर वेल्ड नीट धरत नाही, जोडाशेजारी ठिसूळ होतं. तो कपचा क्राऊन-पिनियनच्या (केसवर बसलेला मोठा गिअर आणि त्याला फिरवणारा छोटा गिअर) मध्ये आला असता तर हायवेवर मागची चाकं जागच्या जागी जाम झाली असती. मी ही गाडी घेऊन पुण्याला जाऊन आलो होतो. बेअरिंगा खराब झाल्याच होत्या.

वेल्ड केलेलं डिफरन्शियल ही काही नवी गोष्ट नाही. नुसत्या चिखलाच्या शर्यतीत पळणाऱ्या गाड्यांत लोक ते मुद्दाम करतात, समजून उमजून, ट्रेलरवरून गाडी नेतात आणि ट्रेलरवरून आणतात. त्याला माझी हरकत नाही. काही वेल्डिंग रॉड आणि अर्ध्या दिवसाची मजुरी, एवढंच ते काम. ते एअर लॉकर म्हणून, खोटा स्विच आणि खोटी नळी लावून, रस्त्यावर चालणाऱ्या घरच्या गाडीत घालणं म्हणजे नुसती लबाडी नाही, ते माणसांच्या जिवावर उठणं आहे.

खोललेला माल घेऊन गॅरेजवर गेलो. आधी म्हणाला, “हाच लॉकर असतो, कायमचा.” मग स्विच कशाला, या प्रश्नावर म्हणाला की वेल्डिंग मोहोळच्या मिस्त्रीनंच केलं. मिस्त्रींनी हे ओळखलं होतं. म्हणून खोलण्याआधीच त्यांनी मला सलग व्हिडिओ काढायला लावला होता. त्यात नंबर प्लेट, किलोमीटरचा आकडा, चाक फिरवून पाहणं, नळीचं बंद तोंड आणि मग पहिला बोल्ट, मध्ये कुठंही कट नाही. तो दाखवल्यावर स्वारी वीस हजारांवर आली. घेतले नाहीत.

1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून गॅरेजकडं विचारणा होते, पण पैसे द्यायला ते कुणाला भाग पाडू शकत नाहीत. मग वकिलाची नोटीस रजिस्टर पोस्टानं, आणि मग जिल्हा आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रार करणारा राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पक्कं बिल नव्हतं, पण ऑनलाइन दिलेले पैसे आणि व्हॉट्सअॅपवर त्यानं स्वतः लिहिलेलं ‘एअर लॉकर टोटल 85’ हे दोन्ही कामाला आलं. त्यामुळं बोलणं फोनवर झालं तरी नंतर एक ओळ लिहून पाठवा आणि त्याचं ‘ओके’ येऊ द्या.

कामाच्या आधीच कळायची एक खूण आहे, ती मिस्त्रींनी सांगितली. खरा एअर लॉकर बसवताना स्टार पिनियनसकट आख्खी केस बदलते. तुमचा क्राऊन काढून नव्या केसवर चढवतात आणि दातांतली मोकळीक डायल गेज लावून जुळवतात. म्हणजे तुमची जुनी केस आणि जुने स्टार शिल्लक उरायलाच हवेत. ते मागा. माझ्या वेळी “भंगारात गेलं” असं उत्तर मिळालं होतं. क्राऊन चढवताना समोर उभं राहू देत नसतील, तर काम करूनच घेऊ नका.

काम झाल्यावर चाक हातानं फिरवायची तीच तपासणी दोनदा करायची. स्विच बंद असताना दुसरं चाक उलट फिरलं पाहिजे, चालू केल्यावर त्याच बाजूला. दोन्ही दिसल्याशिवाय पैसे नाहीत. एअर लॉकर असेल तर नळी बोटानं चाचपत हाउसिंगच्या आत शिरते तिथपर्यंत जा. कॉम्प्रेसर दाब भरला की आपोआप थांबतो, आणि स्विच बंद केल्यावर हवा सुटल्याचा फुस्स आवाज येतो. माझा पंप स्विच बंद करेपर्यंत वाजत राहायचा.

जुनी थार ‘कंपनीच्या लॉकची’ म्हणून विकत घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. कंपनीचा मेकॅनिकल लॉक बटणावर चालत नाही. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडला की तो स्वतः लागतो, आणि साधारण ताशी 30 किलोमीटरच्या वर लागत नाही. हातानं हळू फिरवलं तर तो मोकळ्यासारखाच वागणार. त्याची खात्री मोकळ्या जागी, एक चाक खड्ड्यात उचललेलं ठेवून, हलका अॅक्सिलरेटर देऊनच करायची. ते चाक क्षणभर फिरतं, मग टक्कन आवाज होतो आणि गाडी पुढं येते. आणि अशा थारमध्ये विकणारा ‘लॉकचा स्विच’ दाखवत असेल तर खाली वाकून नळी बघा. फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीची गोष्ट वेगळी. तिला पुढं-मागं दोन्हीकडं कंपनीचेच लॉक येतात, पण ते हातानं लावायचे, त्याच्या दांड्या गिअरजवळ दिसतात.

माझ्या गाडीत मिस्त्रींनी आता चांगल्या अवस्थेतलं जुनं साधं डिफरन्शियल बसवलंय. पाणंदीला लागलं की मागच्या टायरांतली हवा थोडी कमी करतो, दोर गाडीत असतो, आणि अडलोच तर शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आहे. वेल्ड केलेला स्टारचा संच पोत्यात बांधून ठेवलाय. भंगारवाला दोनदा मागून गेला, पण आयोगापुढं तो दाखवायचा आहे. तुमच्या गाडीतून असा निघाला तर तुम्हीही टाकू नका, आणि मिस्त्रीलाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो सवयीनं फेकून देईल.