पहिलं वर्णम कोणतं घ्यावं: आदि, अट की पदवर्णम?

सरळी वरिसै (सरळ स्वरपाठ), जंट वरिसै (जोडस्वरांचे पाठ), अलंकार आणि गीतम, स्वरजती या सोप्या रचना एवढं झालं की कर्नाटक संगीत शिकणाऱ्यासमोर वर्णम येतं, म्हणजे राग आणि लय दोन्ही घोटून घेणारी मोठी रचना. निवड साधारण तीन प्रकारांतून करायची असते: आदि तालातलं तानवर्णम (गाण्या-वाजवण्यासाठीचं), अट तालातलं तानवर्णम आणि पदवर्णम (मुख्यतः नृत्यासाठीचं). गाण्यासाठी शिकत असाल तर आदि तालच घ्या, आणि त्यातही मोहनम रागातलं, असं माझं ठाम मत आहे.

मोहनममधलं ‘निन्नुकोरी’ हे रामनाड श्रीनिवास अय्यंगार यांचं. पाच स्वर, आठ अक्षरांचा ताल. सुरुवातीलाच ‘सस रिरि गग रिरि’ अशा जोड्या येतात. जंट वरिसैंत महिनोन्महिने घोटलेलं इथे रागाचं रूप घेऊन भेटतं. मराठी कानाला हा राग भूपाजवळचा वाटतो आणि नेमकी तिथेच काळजी घ्यावी लागते. भूपातला गंधार आपण शांत, स्थिर लावतो. मोहनमचे गंधार-धैवत गमकातून, म्हणजे स्वराच्या आंदोलनातून, बोलतात. भूपाच्या सवयीने गायलं तर सगळे स्वर जागच्या जागी असूनही मोहनम उभा राहत नाही. म्हणून पहिल्या काळातच, म्हणजे मूळ संथ लयीतच, गमक पक्के करून घ्या. दुसऱ्या काळात ताल तसाच ठेवून स्वर दुप्पट लयीत म्हणायचे असतात. मुलं हमखास ताल देणारा हातच जोरात चालवू लागतात, ते लगेच थांबवावं.

अभोगीतलं पट्टणम सुब्रमण्य अय्यर यांचं ‘एव्वरी बोधन’ही पाचच स्वरांचं, पण त्याचा गंधार नवख्या गळ्याला जड जातो. ते दुसरं ठेवावं. त्यानंतर सात स्वरांचं हवं, तर वीणा कुप्पय्यर यांचं शंकराभरणमचं ‘सामि निन्ने’ आहे.

पदवर्णमाचा हिशोब वेगळा. तानवर्णमात मुक्तायी स्वर (पूर्वार्धाच्या शेवटचे) आणि चरणस्वर (उत्तरार्धातले) नुसते स्वर म्हणून गायले जातात. पदवर्णमात त्यांनाही साहित्य, म्हणजे गीताचे शब्द, असतं, लय संथ असते, कारण अभिनयाला जागा लागते. भरतनाट्यममध्ये एकच वर्णम अर्धा-पाऊण तास चालतं. सरफोजी राजांच्या पदरी असलेल्या तंजावूर बंधूंची पदवर्णमं आजही नाचली जातात. मुलगी नृत्य शिकत असेल किंवा तुम्हाला नृत्यासाठी गायचं असेल तर ते जरूर शिका. पण गळ्याची लयीवरची पकड तानवर्णमाच्या दोन काळांतून येते, तशी यातून येत नाही.

अट तालाची घाई मात्र करू नये. पाच, पाच, दोन, दोन अशी 14 अक्षरं. पाच अक्षरांच्या भागाला इथे लघू म्हणतात; त्याला एक टाळी आणि करंगळीपासून चार बोटं. असे दोन लघू, मग दोन द्रुतं, म्हणजे दोन-दोन अक्षरांचे भाग. पच्चिमिरियम आदियप्पय्या यांचं भैरवीतलं ‘विरिबोणी’ हे यातलं शिखर. ही भैरवी आपल्या मैफलीच्या शेवटी येणारी नव्हे: हिचा रिषभ शुद्ध, म्हणजे तिकडचा चतुःश्रुती, धैवत दोन, चढताना एक आणि उतरताना दुसरा, आणि निषाद सतत झुलता. दोन-तीन आदि वर्णमं दोन्ही काळांत न अडखळता, स्वतः ताल देत गाता आली की मगच गुरूंकडे ‘विरिबोणी’ मागा. ते शिकायला वर्ष लागलं तरी लागू द्या.