ट्रॅकसाठी लेदर सूट: रेडीमेड घ्यावा की मापाने शिवावा?

बाईक ट्रॅकवर पळवताना घालायचा सूट वन-पीसच (जॅकेट-पँट एकत्र जोडलेला) घ्यायचा हे तुमचं ठरलंय असं धरून चालतो. टू-पीस हायवेला ठीक आहे, पण ट्रॅकवर टक मारला (टाकीवर छाती टेकवून वाकलं) की कमरेची चेन पाठीत रुतते. पुढचा प्रश्न अवघड आहे, दुकानातून मापाचा नंबर बघून उचलायचा की कारागिराकडून शिवून घ्यायचा.

मी आधी दोन सीझन रेडीमेड वापरला, युरोपियन ५२ साइझ, आणि आता तिसरं वर्ष शिवलेला वापरतोय. रेडीमेडमध्ये खोट काढावी असं फार काही नव्हतं, १.२-१.३ मिलिमीटरचं काऊहाइड, शिलाई पक्की, आत ईएन १७०९२ या युरोपियन सुरक्षा मानकाचं एएए लेबल, म्हणजे सर्वात वरचा दर्जा, आणि मुख्य म्हणजे घेतला त्याच आठवड्यात घालून चेन्नईला एमएमआरटी या रेसट्रॅकवर ट्रॅक डेला गेलो. खांद्याला, छातीला मस्त बसायचा. पण माझे पाय लांब आणि मांड्या बारीक, त्यामुळे खाली सैल. उभं राहिलं की सगळं जागच्या जागी दिसायचं, हँग ऑफ करायला (वळणावर अंग बाईकच्या आतल्या बाजूला झुकवायला) गुडघा बाहेर काढला की लेदर वर ओढलं जायचं आणि नी कप (गुडघ्यावरचं आतलं संरक्षक पॅड) हळूहळू बाहेरच्या बाजूला फिरायचा. दोन-तीन लॅपनंतर मेन स्ट्रेटला डावा हात सोडून मी तो कप परत पुढे आणायचो, दर सेशनला, आणि पुढच्या कॉर्नरचं ब्रेकिंग कुठे करायचं याऐवजी डोक्यात गुडघाच असायचा. गुडघ्याच्या बाहेरून लावलेला, वळणावर रस्त्याला टेकणारा स्लायडरही तिरका घासायचा.

मग दुसऱ्या सीझनला एका उजव्या कॉर्नरला पुढचं चाक सुटलं, साधा लोसाइड (बाईक आतल्या बाजूला घसरून पडणं), स्पीडही फार नव्हता. उठून बघतो तर लेदर फाटलं नव्हतं, एक शिवण उसवली नव्हती, पण कप पार बाजूला गेलेला आणि गुडघ्याची वाटी नुसत्या लेदरवर आपटलेली. तीन आठवडे जिना चढताना कठड्याला धरून चढलो. लेबल खरंच होतं, फक्त टेस्टिंगमध्ये कप जागेवर असतो आणि माझ्या पायावर तो नव्हता. माझ्यासाठी विषय तिथेच संपला.

शिवून घेताना मी उभ्याने मापं घेऊ दिली नाहीत. बाईक पॅडॉक स्टँडवर (बाईक सरळ उभी धरणाऱ्या स्टँडवर) लावली, टकमध्ये बसलो आणि मानेपासून माकडहाडापर्यंत, जांघेपासून वाकवलेल्या गुडघ्यापर्यंत, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत अशी मापं घ्यायला लावली. तरी पहिल्या फिटिंगला काखेत आवळत होता, परत पाठवला, सगळं धरून जवळपास तीन महिने गेले. पण आता कप हाताने फिरवायला गेलं तरी हलत नाही. उभं राहिलं की पाठ ताठ करता येत नाही, कुबड काढून चालावं लागतं, तसंच पाहिजे.

शिवलेल्याचे तोटेही सांगतो, कारण ते खरे आहेत. सर्टिफिकेट बहुतेक वेळा नसतं, म्हणून बसायच्या भागावर आणि कोपरावर डबल लेयर आहे का, शिलाई दुहेरी-तिहेरी आहे का, हे तुम्हालाच उलटून-पालटून बघावं लागतं. आर्मर (आतली संरक्षक पॅडं) मी बाहेरून सीई मार्कचंच, म्हणजे युरोपियन सुरक्षा प्रमाणपत्राचंच आणून दिलं, पाठीचं लेव्हल २. चेन वायकेके कंपनीची असू द्या आणि वर फ्लॅप. चेनचं एवढं काय असं वाटेल, पण २०२१ ला बार्सिलोनात मोटोजीपी (बाईक रेसिंगची जागतिक स्पर्धा) रायडर फॅबिओ क्वार्टारारोचा सूट चालू रेसमध्ये छातीवर उघडला होता, तो तसाच चालवत राहिला आणि वर ३ सेकंदांची पेनल्टी बसली. तो फॅक्टरी रायडर होता, आपल्याला तर जास्तच जपायला हवं. एअरबॅग व्हेस्ट पुढेमागे घ्यायचं मनात असेल (मोटोजीपीत तर २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे) तर कारागिराला आधीच सांगा, छातीला जागा सोडावी लागते, नंतर वाढवता येत नाही. वजन वाढलं तर गोची होते, माझं चार किलो वाढलं तेव्हा चेन लावायला दुसरा माणूस लागत होता. आणि विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळणं कठीण.

कांगारूचं लेदर पातळ असून मजबूत असतं, वजनाला हलकं, पण महाग पडतं, पहिल्या सूटला मी तरी सुचवणार नाही. त्यापेक्षा चेन्नईच्या उन्हात परफोरेशन (बारीक भोकं) असलेलं काऊहाइड आणि आत पातळ इनर सूट घ्या, नाहीतर घामाने ओलं झालेलं लेदर सोलून काढावं लागतं.

तुमची अंगलट कंपनीच्या मापाला जुळत असेल तर रेडीमेडमध्ये काहीच कमी नाही, माझ्या एका मित्राला ५० नंबर असा बसतो की त्याला मी शिवायचं नावही काढू दिलं नाही. पण दुकानात आरशासमोर उभं राहून ठरवू नका. बाईकवर बसायला मागा, दहा मिनिटं टकमध्ये राहा, गुडघा बाहेर काढा आणि कप मुठीत धरून पिळून बघा. दोन बोटांपेक्षा जास्त फिरला तर सूट काउंटरवर ठेवा आणि टेप घेऊन कारागिराकडे जा.