पणजीतले पुतळे बघत हिंडण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरात सेरेंडिपिटी या कलामहोत्सवाच्या दिवसांत मुलांना पणजीतल्या कांपालला नेलं होतं. उघड्यावर मांडलेली शिल्पं धाकट्याला इतकी आवडली की जानेवारीत पुन्हा हट्ट धरला. गेलो, तर नुसतं गवत. मग म्हटलं, शहरात कायमचे उभे आहेत तेच बघू. तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार तरी फोंड्याहून सगळे निघतो, सासूबाईंसकट.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो जुन्या सचिवालयाशेजारी, आबे फारियापाशी, म्हणजे संमोहनाचा अभ्यास करणाऱ्या गोव्याच्या पाद्रीच्या पुतळ्यापाशी. मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामतांनी १९४५ साली घडवलेलं हे ब्राँझचं शिल्प. हात पुढे करून उभा फारिया आणि समोर मागे कलंडणारी बाई. पहिल्यांदा धाकटा घाबरला, "तो तिला मारतोय" म्हणून. आता घरी सोफ्यावर ताईला तसंच 'झोपवतो'. त्याला सांगून ठेवलंय की झोप फारियाच्या बोटांतून निघत नाही. समोरच्याच्या मनातून येते, असं तो स्वतःच म्हणायचा. १८ व्या शतकातल्या कांदोळीच्या पाद्रीने पॅरिसमध्ये हे मांडावं! सासूबाईंना मात्र त्याची दुसरीच गोष्ट प्रिय: लिस्बनला राणीसमोर प्रवचन द्यायला उभा राहिला नि गडबडला, तेव्हा खालून बापाने हळूच म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." म्हणजे समोरच्यांना भाजी समज नि बिनधास्त बोल. खरीखोटी देव जाणे. पण थोरलीची शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती त्या सकाळी दारातून निघताना तिला हेच ऐकावं लागलं.

हे शिल्प पावसात बघा. जुलैत छत्री धरून उभे होतो. बाईच्या पदरासारख्या चुण्यांतून पाणी ओघळत होतं. उन्हाळ्यात दहानंतर तिथे थांबवत नाही.

आझाद मैदानातला मंडप मुलांना कंटाळवाणा वाटतो, मला नाही. त्याचे खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या वास्तूतून आणलेले, आणि मध्ये पूर्वी गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा होता. तो आता जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तो बघायला आम्ही एकदा मुलांची सुट्टी साधून गेलो ती नेमकी शुक्रवारी. शुक्रवारी ते बंद असतं. चूक आमचीच, पण परतताना गाडीत कुणी बोलत नव्हतं.

दोना पावला किनाऱ्यावरचं पांढऱ्या जोडप्याचं शिल्प गर्दीमुळे दोनदाच पाहिलं. लोक त्याला दंतकथेतली दोना पावला नि तिचा प्रियकर समजतात. आहे ते 'इमेज ऑफ इंडिया', घडवणारी यर्सा फॉन लाइस्टनर नावाची शिल्पकार. दोघांची तोंडं दोन दिशांना. सासूबाई म्हणाल्या, "भांडलेत की काय?"

जायचं असेल तर साडेसातला पोचा. तेव्हा गाडीला जागा मिळते आणि फारियाभोवती फोटोवाले नसतात. पाणी न्या. लहान मुलांना आधी पातळभाजी-पाव खाऊ घाला, नाहीतर दुसऱ्याच पुतळ्यापाशी रडारड. सासूबाईंचे गुडघे धरतात नि टेकायला जागा चटकन सापडत नाही, म्हणून ऑगस्टपासून गाडीत घडीची खुर्ची असते. गेल्या रविवारी ती त्यांनी फारियासमोरच मांडली आणि अर्धा तास उठल्या नाहीत.