उन्हाळ्यात पिंपल्सवर काय लावावं: बेंझॉइल पेरॉक्साइड की अ‍ॅडापलीन?

भाचीने जळगावहून फोटो पाठवला, तो चेहऱ्याचा नव्हता, स्टोलचा होता. गाडीवर तोंडाला बांधायचा जांभळा स्टोल, आणि गालाला टेकतो तिथे पिवळट-पांढरे डाग. "मावशी, कपड्याचं असं झालं, तर माझ्या कातडीचं काय होईल?" ती पिंपल्सवर लावते ते बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल कापडाचा रंग खातं, त्वचेचा नाही. जेल पूर्ण वाळू द्यायचं, अभ्रा आणि टॉवेल पांढरा वापरायचा.

तिला ठरवायचं होतं, हेच चालू ठेवू की अ‍ॅडापलीन आणू?

लाल, पू धरणाऱ्या फोडांना बेंझॉइल पेरॉक्साइड चांगलं. त्रास म्हणजे चुरचुर, कोरडेपणा, सालपटं. १० टक्क्यांची ट्यूब जास्त गुणकारी असं सगळ्यांना वाटतं, पण २.५ टक्क्यांनीही जवळपास तेवढाच फरक पडतो आणि आग कमी होते. मात्र पापण्या किंवा ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तर ती अ‍ॅलर्जी. त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जायचं.

बारीक, बंद छिद्रांच्या पुटकुळ्या नि काळे ठिपके जास्त असतील, तर ०.१ टक्के अ‍ॅडापलीन उजवं. पण सुरुवातीचे आठवडे अवघड. चेहरा लाल होतो, सोलतो, कधी पिंपल्स वाढल्यासारखे दिसतात, आणि घाबरून मुली तिथेच सोडून देतात. खरा फरक दिसायला ८ ते १२ आठवडे लागतात. शिवाय त्वचेला ऊन सोसत नाही, आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४४-४५ वर जातो. म्हणून घाई नसेल तर दिवाळीनंतर सुरू करा. आत्ताच हवं असेल तर एक दिवसाआड, रात्री, हरभऱ्याएवढं जेल अख्ख्या चेहऱ्याला, डोळे-ओठ-नाकाचे कोपरे सोडून. आधी मॉइश्चरायझर लावलं तरी चालतं, दिवसा सनस्क्रीन हवंच. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर नको. तेव्हा अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याने थोडी खाज सुटते, पण ते गरोदरपणात चालतं.

क्लिंडामायसिन हे अँटिबायोटिक जेल त्वचेला सौम्य, पण एकटंच महिनोन्महिने लावलं की जंतू त्याला दाद देईनासे होतात.

मला खरी भीती वाटते ती तिसऱ्याच ट्यूबची, "आठ दिवसांत गोरी" म्हणून मैत्रिणी एकमेकींना देतात त्या क्रीमची. वेष्टनावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड. पहिले दिवस चेहरा खरंच उजळतो. मग कातडी पातळ होते, लालसर शिरा दिसतात, लव वाढते, आणि क्रीम थांबवताच फोड उसळून येतात. अनेक स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला २०१८ पासून मनाई आहे. आधीच महिनाभर लावत असाल तर ती कशी सोडायची हे त्वचारोगतज्ज्ञच सांगतील.

भाचीचे फोड लाल आहेत. तिला सांगितलं, २.५ टक्केच चालू ठेव, अ‍ॅडापलीनचं थंडीत बघू. आणि स्टोल रोज धू, घामट कापड गालाला घासूनही फोड येतात.