स्पॉकचा मेंदू की रायकरची आजारपणातली स्वप्नं: स्टार ट्रेकचा जास्त फालतू एपिसोड कुठला?

स्टार ट्रेक या अमेरिकन सायन्स फिक्शन टीव्ही मालिकेच्या फॅन्समध्ये हा वाद कायमचाच. एका बाजूला 1968 चा 'स्पॉक्स ब्रेन', मूळ मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा पहिलाच एपिसोड, आणि दुसऱ्या बाजूला 'नेक्स्ट जनरेशन' या नंतरच्या मालिकेचा 1989 चा 'शेड्स ऑफ ग्रे'.

पहिल्यात काय होतं तर एक बाई अंतराळजहाजावर येते, तिथला अधिकारी स्पॉक याचा मेंदू काढून पळते, का तर त्यांच्या जमिनीखालच्या शहराची सगळी सिस्टीम चालवायला मेंदू लागतो म्हणे, आणि इकडे जहाजाचा डॉक्टर मॅकॉय बिनमेंदूच्या स्पॉकला रिमोटने चालवतोय! शेवटी ऑपरेशन करता करता मॅकॉय मधेच सगळं विसरायला लागतो, तर टेबलावर पडलेला स्पॉकच त्याला पुढचं सांगतो. लोक म्हणतात लाज आणली. मला मात्र हसून हसून मजा येते, आणि सगळे नट इतक्या गंभीर चेहऱ्याने करतात की दाद द्यावीशी वाटते. (लेखक जीन कून, पण नाव टोपणच लावलंय, काय ते समजून घ्या.)

'शेड्स ऑफ ग्रे'बद्दल बोलायला फारसं काही नाहीच. जहाजावरचा अधिकारी रायकर, त्याला इन्फेक्शन, तो बेडवर, बाकी त्याची स्वप्नं म्हणून जुन्या एपिसोड्सचे तुकडे. पैसे वाचवायला केलेलं काम. काही जण त्याची बाजू घेतात की बजेटच संपलं होतं तर करणार काय, ठीक आहे, पण सीझनचा शेवट असा?

माझं मत विचाराल तर मेंदूवाला कधीही परत लावेन, रायकरवाला सरळ स्किप.