पुरानंतरची यांत्रिक टाकीसफाई : कशाचे पैसे द्यावेत, कशाचे नाही

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. 2019 च्या ऑगस्टमध्ये नदी 57 फुटांच्याही वर गेली, आणि 2021 च्या जुलैत सांगलीच्या सखल भागांत पुन्हा पाणी शिरलं. पाणी उतरल्यावर भिंतीवरची रेघ सगळ्यांना दिसते. अंगणातल्या हौदात काय बसलंय ते झाकण उघडल्याशिवाय कळत नाही. त्या वेळी यांत्रिक टाकीसफाईवाल्याला फोन जातो, म्हणून ही सेवा नेमकी किती कामाची आहे ते तपशिलात सांगतो.

क्रम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: पाणी उपसायचं, गाळ काढायचा, जेटनं, म्हणजे दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्यानं, भिंती धुवायच्या, व्हॅक्यूमनं उरलेलं ओढायचं, जंतुनाशक फवारायचं आणि शेवटी अतिनील दिवा फिरवायचा. वर्षभराचं शेवाळ काढायला हा क्रम चांगला आहे. पुराचं पाणी शिरलेल्या हौदाला मात्र पहिले चार टप्पेच खरे उपयोगाचे. शेवटचे दोन जाहिरातीत मोठे दिसतात, पण पिण्याच्या पाण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येत नाही.

उपशातच पहिली चूक होते. पूर ओसरल्यावर आजूबाजूची जमीन आठवडाभर तरी पाण्यानं भरलेली असते. अशात हौद एकदम रिकामा केला की बाहेरच्या पाण्याचा दाब आत येतो. विटांची भिंत तडकते, तळाचा कोबा फुगतो, आणि पुरलेली प्लॅस्टिकची टाकी तर अख्खी वर उचलली जाते. म्हणून रोज साधारण एक तृतीयांश पाणी काढावं आणि रात्रीत पातळी किती वाढते ते खूण करून पाहावं. पातळी वाढत असेल तर थांबावं. ‘तासाभरात मोकळं करून देतो’ म्हणणाऱ्याला त्या दिवशी काम देऊ नये.

गाळासाठी त्यांच्याकडे मड पंप आहे का, हे फोनवरच विचारा. घरातला मोनोब्लॉक पंप काळ्या मातीचा चिखल ओढत नाही; इम्पेलर अडकतो, मोटर तापते आणि जळते. पुरात बुडालेली मोटर तर रिवाइंडिंगवाल्याकडून सुकवून, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासल्याशिवाय चालूच करायची नाही. चिखल घट्ट बसला असेल तर थोडं पाणी सोडून ढवळायचा आणि पातळ करून उपसायचा. तळाचे शेवटचे दोन-तीन इंच घमेल्यानंच निघतात. हा गाळ गटाराच्या चेंबरमध्ये सोडू देऊ नका, नाहीतर पुढच्या पावसात अख्खी गल्ली तुंबते. महापालिकेचा डंपर उचलू शकेल असा रस्त्याच्या कडेला ढीग लावायला सांगा.

आत माणूस उतरणार असेल तर ब्लोअर, कमरेला दोर आणि वर सतत थांबणारा दुसरा माणूस, या तिन्ही गोष्टी हव्यातच. बंद हौदात कुजलेल्या गाळातून विषारी वायू निघतो आणि प्राणवायू कमी झालेला असतो. मेणबत्ती सोडून बघण्याची जुनी रीत सगळे विषारी वायू ओळखत नाही. पेट्रोलवर चालणारा पंप हौदाच्या तोंडाशी ठेवला तर त्याचा धूर आत उतरतो आणि तो जीवघेणा असतो. इंजिन रस्त्यावर, पाइप लांब. विजेचा पंप असेल तर 30 मिलिअँपियरच्या आरसीसीबीशिवाय (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) जोडू देऊ नका. यात सूट मागणारा कितीही स्वस्त पडला तरी परत पाठवावा. इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

जेट धुण्याचं काम झकास करतो. जुन्या वाड्यांतल्या चुन्याच्या गिलाव्याला मात्र रुंद फवाऱ्याचा नोझल आणि हातभर अंतर हवं, नाहीतर गिलावाच सुटतो. गाळ वाळून पापुद्रा धरण्याआधी धुतलं तर निम्मे कष्ट वाचतात.

आता फवारा आणि दिवा. ओल्या भिंतीवरचा फवारा काही मिनिटांत ओघळून जातो. जंतू मरायला लागणारा वेळ त्याला मिळत नाही. अतिनील किरण जिथे थेट पडतात तिथलंच काम करतात. कोपरा, पाइपची मागची बाजू, चिखलाचा पातळ थर यांखाली काही होत नाही, आणि नळाच्या पाइपांना तर त्याचा स्पर्शही नाही. त्याऐवजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर वापरा.

हौदाची लांबी, रुंदी आणि खोली फुटांत गुणा, आलेल्या आकड्याला 28.3 नं गुणा. ते झाले लिटर. सहा बाय पाच बाय पाचचा हौद सुमारे 4250 लिटरचा. 33 टक्के क्लोरीन असलेली ताजी टीसीएल हजार लिटरला 150 ग्रॅम, म्हणजे या हौदाला साधारण 640 ग्रॅम. पोतं जुनं असेल, वास मंद झाला असेल तर हजारी 200 ग्रॅम धरा. दमट, गोळे झालेली पावडर घेऊच नका. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी भरलेल्या हौदात ओता. घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत सोडा, मग बंद करून किमान 12 तास ठेवा. आरओ आधी बायपास करायचा. क्लोरीननं त्याचा मेम्ब्रेन खराब होतो. टीसीएल आणि संडास धुण्याचं ॲसिड एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून दोन्ही एका वेळी हाताळू नका.

ते पाणी काढून टाका, हौद धुऊन ताजं पाणी भरा आणि पिण्यासाठी हजार लिटरला 5 ग्रॅम टाका. अर्ध्या तासानं सर्वांत लांबच्या नळाला ओटी टेस्ट करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघा. पिवळा रंग आला नाही तर आत कुठेतरी गाळ उरला असण्याची शक्यता आहे. सफाईवाल्याला पुन्हा बोलवायची वेळ तीच, म्हणून निम्मे पैसे या चाचणीनंतर देण्याचं आधीच ठरवून घ्या.

एक गोष्ट या सेवेत सहसा येत नाही: पाणी आत शिरलं कुठून ते बघणं. झाकणाची फट, ओव्हरफ्लोचा पाइप आणि मोटरच्या केबलची नळी, हे तीन रस्ते. हौदाची मान अंगणापेक्षा दीड-दोन फूट उंच करून घेणं गवंड्याचं काम आहे.

गच्चीवरची टाकी पुराच्या रेघेच्या वर असेल आणि पूर आल्यापासून मोटर चालवलेली नसेल, तर तिच्यासाठी सफाईची गाडी बोलावण्याची गरज नाही. ब्रश, बादली आणि वरच्याच मापानं टीसीएल पुरते. मोटर एकदा जरी चालवली असेल तर वरच्या टाकीतही तोच चिखल गेलाय असं धरून चाला.